रेटून बसवलेला जोड

नवापूर (बोईसर)
११ नोव्हेंबर २०२४

मेघाली बाळा,

परवा सकाळी मी वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत घालत होते, तर सुजीत पाठीवर बॅग घेऊन पलीकडं उभा. दिवाळी करून गेलेला पोरगा इतक्यात परत कसा, म्हनून मी बघतच ऱ्हायले. तुला ठाऊक हाय, मला आता कानानं काय कळत नाय, समोरच्याच्या तोंडाकडं बघून समजून घ्यावं लागतं. त्यानं तोंडच वर केलं नाय. शेवटी बायकोच ती, हिनानं त्याच्याकडनं काढून घेतलं आनि मला कागदावर लिहून दाखवलं.

विमानाच्या पोटात त्यानं बसवलेला पाईप सुटला, तेल सांडलं, आनि त्याच्यासंगती काम करनारा मारुती आत वाफेनं गुदमरून पडला. मारुतीला दवाखान्यात ठेवलाय आनि कंपनीनं सुजीतला घरी पाठवलाय. हे खरं ना?

मेघाली, मला लिहायची पन लाज वाटते. भाचीनं एवढ्या मोठ्या जागी आपल्या आतेभावाला शब्द टाकून कामाला लावला. कुंभवलीच्या कारखान्यात तो रसायनाच्या टाक्यांना आतनं रबर लावायचा, त्याला तू विमानाच्या टाकीपर्यंत नेलास. आनि त्यानं तुजंच नाव घालवलं. तुजे साहेब तुला काय बोलले असतील? तुजी आई गेली तवा तुला पदरात घेतली, तेव्हापासून कदी तुज्यामुळं मला मान खाली घालावी लागली नाय. आज माज्या पोरामुळं तुला घालावी लागली.

त्याच्या वतीनं मी माफी मागते. मारुतीला कसं हाय ते कळव. सुजीत तुजा फोन आला तरी उचलनार नाय, तोंड दाखवायला जागा नाय म्हनतो.

आनि एक विचारते, हसू नको. गावात सगळे म्हनतात मेघाली आबाळात विमानात तेल भरायचं विमान बनवते. मी पन मान हलवते. पन ते नक्की काय असतं?

तुजी
नलूआत्या


नागपूर
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. सुजीतला रागावू नकोस. मारुती शुद्धीवर आहे. छातीत इंधनाची वाफ गेल्यामुळे त्याला ऑक्सिजन लावला होता, तो आता काढला. खोकला बराच आहे, पण डॉक्टर म्हणतात की हळूहळू बरं वाटेल.

तू माफी मागू नकोस. मला कुणी काही बोललेलं नाही.

आमचं काम काय ते तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. आमची गगनवेध कंपनी प्रवासी वाहून जुनी झालेली विमानं घेते आणि त्यांचे हवाई दलासाठी उडते टँकर करते. लढाऊ विमानाची टाकी लहान असते. लांब जायचं तर वाटेत इंधन लागतं, आणि दर वेळी खाली उतरणं परवडत नाही. मग हे मोठं विमान वरच त्याच्या पुढे उडतं आणि पंखाखालून एक लांब नळी सोडतं. नळीच्या टोकाला टोपलीसारखा पिंजरा असतो. मागून येणारं लढाऊ विमान आपली दांडी त्या टोपलीत घालतं आणि उडता उडता इंधन घेतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण हे विमान मुळात माणसं आणि त्यांच्या बॅगा नेण्यासाठी बनवलेलं. आम्ही जिथे बॅगा ठेवायचे तिथे टाक्या बसवतो. टाक्यांपासून पंखांपर्यंत पाईप न्यायचे, तर वाटेत जुन्या वायरी आणि सांगाड्याच्या जुन्या धातूच्या कडा आडव्या येतात. इंधन देत गेलं की विमानाचं वजन पुढेमागे सरकतं, ते सांभाळावं लागतं. पंखाखाली नवं यंत्र टांगलं की पंख वेगळाच थरथरतो. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कागदावरचं विमान आणि समोर उभं असलेलं विमान एक नसतं. त्यानं किती मालक बदलले, कुणी कुठे ठिगळ लावलं, हे पत्रा उघडल्यावर कळतं. दोन वर्षांत व्हायचं काम चौथ्या वर्षात गेलं आहे. वरून रोज विचारणा होते.

अशा कामात चुका होतात, आत्या. एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही. चौकशी चालू आहे. सुजीत कंत्राटावर होता म्हणून त्याला आधी घरी पाठवलं, एवढंच. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेले होते. त्याला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस.

तब्येत जप.

तुझी
मेघाली


नवापूर
१५ डिसेंबर २०२४

मेघाली बाळा,

तुजं पत्र दोनदा वाचलं, मग हिनाला वाचायला दिलं. किती मोठ्या मनाची हायस तू. एका शब्दानं त्याला दोष दिला नाय. मी पत्र सुजीतसमोर धरलं आनि बोल्ले, बघ, बहीन कशी असते ती. त्यानं वाचलं आनि घडी करून परत दिलं.

बाळा, त्याचं काय खरं नाय. कुंभवलीच्या कारखान्यातला त्याचा जुना फोरमन जितेश घरी आला होता. भला मानूस. म्हनाला, जागा हाय, उद्यापासून ये. सुजीत गेला. दुपारीच परत आला. जितेशनं मागाहून हिनाला सांगितलं की टाकीत उतरला, अस्तराच्या जोडावर हात ठेवला, आनि हात पुढं सरकेचना. वर घ्यायला लागला त्याला. जितेश म्हनाला, "वहिनी, हा आमच्याकडचा सगळ्यात पक्का हात होता. याला काय झालं?"

मग म्हटलं चल, होडीवर तरी जा. चुलत्याच्या होडीवर गेला. तिथं इंजिनाच्या डिझेलची नळी पुन्हा पुन्हा चाचपत बसला. जाळं ऱ्हायलं बाजूला. चुलता म्हनाला, नको पाठवू याला, दर्यात मानसाला भरवसा लागतो.

मी त्याला खूप बोल्ले. सगळ्यांसमोर बोल्ले. "तुज्या हातानं एक मानूस मेला असता, आनि तू हितं तोंड पाडून बसतोस. तुज्यामुळं बहिनीनं ऐकून घेतलं." तो म्हनाला, "खरं हाय, आये." 

आता दुसरी गोष्ट. आपल्या शाळेत सव्वीस जानेवारीला तुजा सत्कार करायचं ठरलंय. आत्माराम गुरुजींनी पुढाकार घेतलाय. म्हनतात, मासळी मारनाऱ्या मांगेल्यांच्या वाड्यातली पोरगी हवाई दलाचं विमान करते, पोरांना दिसली पायजे. तू ये. तू आलीस तर सुजीतला पन धीर येईल. दोन शब्द तू बोललीस तर तो ऐकेल.

तुजी
नलूआत्या


नागपूर
३ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

सत्काराला मला येता येणार नाही. सुट्टी मिळत नाही. गुरुजींना माझा नमस्कार सांग आणि कृपा करून हा कार्यक्रमच नको म्हणावं. विमान अजून तयार झालेलं नाही. मागच्या आठवड्यात हवेत चाचणी घेतली तेव्हा नळी सोडल्यावर टोपली इतकी हेलकावे खात होती की जवळ जाणं शक्य नव्हतं. सत्कार करावा असं आमच्या हातून अजून काही झालेलं नाही.

चौकशीचा अहवाल आला. पाईपच्या जोडावरची पकड नीट बसवली गेली नव्हती, असं त्यात म्हटलं आहे. सुजीतचं नाव आहे. पोलीस वगैरे काही नाही, काळजी करू नको. कंत्राटी कामगारांना आता जास्त प्रशिक्षण देणार आहेत.

मारुती घरी गेला. अजून जिना चढताना दम लागतो.

सुजीतला सगळ्यांसमोर बोलू नकोस, आत्या. एवढं माझं ऐक.

मेघाली


नवापूर
२ फेब्रुवारी २०२५

मेघाली बाळा,

तू नको म्हनालीस तरी सत्कार झाला. गुरुजींनी पत्रिका वाटल्या होत्या, मागं कसं येनार? तुज्या वतीनं शाल मी घेतली. मला ऐकू येत नव्हतं, पन लोक टाळ्या वाजवत होते ते दिसत होतं. पोरांनी पुठ्ठ्याचं विमान केलं होतं, त्याच्या पोटाखाली सुतळीला मासळीची टोपली बांधली होती. सगळे हसले.

सुजीतनं सकाळपासून खुर्च्या मांडल्या. मी व्यासपीठावर चढताना तो मागं भिंतीपाशी उभा होता. शाल घेतली आनि परत बघितलं तर नव्हता. संध्याकाळी हिनाला तो बंदरावर सापडला. तिला म्हनाला, "आयेला किती छान वाटत होतं. माझ्याकडं बघून तिचा आनंद जायला नको म्हनून आलो."

मला तेव्हापासून चैन नाय. मी त्याला फार बोल्ले का गं?

काल तो माज्यापुढं येऊन बसला आनि सावकाश तोंड हलवत बोलला, मला समजावं म्हनून. म्हनाला, "आये, मेघाताईला दोन गोष्टी विचार. एक, मारुतीभाऊचा पत्ता. मला त्याच्या घरी जाऊन त्याच्या आनि राहीवहिनीच्या पाया पडायचं हाय. आनि दुसरी, माझं नक्की काय चुकलं ते तिनं लिहून समजवावं. मी रोज तो जोड डोळ्यांसमोर आनतो. पकड लावली, खूण जुळवली, ती सुटू नये म्हनून तार बांधली. कुटं चुकलं ते मला सापडत नाय. सापडलं तर पुन्हा होनार नाय. नाय सापडलं तर मी परत कशालाच हात कसा लावू?"

एवढं लिही त्याला, बाळा. तू इंजिनेर. तुला ठाऊक असनार.

तुजी
नलूआत्या


नागपूर
११ फेब्रुवारी २०२५

आत्या,

हे पत्र तू एकटीनं वाच. मग सुजीतला दे. त्यानं विचारलेलं यात आहे.

त्याचं काही चुकलं नाही. पकड त्यानं बरोबर लावली होती, खूण जुळली होती, तारही बांधली होती. चूक माझी आहे आणि ती मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

मागच्या टाकीतून निघणारा पाईप आराखड्याप्रमाणे दोन कडांच्या मधून सरळ यायला हवा. पण या विमानात तिथे कुणीतरी पूर्वी कड मोडल्यावर जाड पत्र्याचं ठिगळ लावलं होतं. त्यामुळे पाईपचा आधार बोटभर बाजूला सरकला आणि पाईपची दोन तोंडं समोरासमोर येईनात. जोड थोडाफार वाकडेपणा सोसतो, पण एवढा नाही. नियम असा आहे की काम थांबवायचं, आराखडा करणाऱ्या कचेरीला कळवायचं आणि नवा आधार बनून येईपर्यंत वाट बघायची. त्यात महिना तरी जातो. चार दिवसांनी हवाई दलाचे अधिकारी बघायला येणार होते. त्या भागाची जबाबदारी माझी होती. आणखी एक उशीर माझ्या नावावर नको होता.

मी वाकून टाकीच्या तोंडातून बघितलं. मला वाकडेपणा दिसला. सुजीत आत आडवा होता. मी त्याला म्हणाले, "खांद्यानं जरा रेट, बसेल."

त्यानं रेटलं. तोंडं जुळली. "बसलं, ताई," तो म्हणाला. तो हसतच बाहेर आला. त्याला वाटलं, अवघड काम जमलं. मी सांगितलं म्हणजे ते बरोबरच असणार, असं त्यानं धरलं. त्यानं दुसरं काही धरावं असं काही कारणही नव्हतं. मी "तपासलं" म्हणून सही केली.

जमिनीवरच्या चाचणीत पंप सुरू केले तेव्हा तो ताणलेला जोड उघडला. मारुती बॅटरी घेऊन शेजारच्या भागात गळती बघत होता. त्याच्या अंगावर इंधन आलं. कुणीतरी वीज तोडली म्हणून आग लागली नाही. त्याला बाहेर ओढून काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. सुजीतनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला आम्हाला एकाच बाकावर बसवलं. साहेबांनी मला विचारलं, "जोड कुणी बसवला?" मी म्हणाले, "कंत्राटी फिटरनं." त्यांनी विचारलं, "पकड नीट नसेल?" मी म्हणाले, "शक्यता आहे." मग त्यांनी सुजीतकडे बघितलं. तो म्हणाला, "असेल साहेब. माझं चुकलं असेल." मी त्याच्या शेजारी बसले होते. आमचे हात एकमेकांना लागत होते. मी काही बोलले नाही.

तू माफी मागितलीस तेव्हा मी तुला थांबवलं, पण का थांबवते ते सांगितलं नाही. तुला विमानाच्या अडचणी लिहून पाठवल्या. त्या सगळ्या खऱ्या आहेत, आणि त्यांच्याआड मी उभी राहिले. अहवाल आला त्या दिवशी मला हलकं वाटलं. हेही लिहिते, कारण हे लपवलं तर बाकी लिहून उपयोग नाही. हलकं वाटलं, आत्या. तुझ्या मुलाचं नाव वाचून.

पण सुजीतचं "माझं नक्की काय चुकलं ते समजाव, म्हणजे पुन्हा होणार नाही" हे वाचल्यावर मला पुढे जाता येईना. काल मी सगळं गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांना लिहून दिलं आणि समोर बसून सांगितलं. त्यांनी माझा प्रवेशाचा पास तिथेच काढून घेतला. आज मारुतीच्या घरी जाते. सुजीतनं त्याच्या पाया पडायचं काही कारण नाही.

शाल परत कर.

मेघाली


नवापूर
१९ फेब्रुवारी २०२५

मेघाली,

तुजं पत्र शुक्रवारी आलं. एकटीनं वाच म्हनालीस म्हनून मी मागच्या वाडीत जाऊन वाचलं. मग ब्लाऊजमध्ये ठेवलं आनि दोन दिवस कोनाला दाखवलं नाय. तुला वाचवायला नाय ठेवलं. माज्यासाठी ठेवलं. मी पोराला काय काय बोल्ले ते सगळं आठवत होते. मला ऐकू येत नाय, म्हनून मी मोठ्यानं बोलते. आख्ख्या वाड्यानं ऐकलंय. सगळ्यांसमोर मी त्याला "पापी हात" म्हटलं होतं. तुला लिहिलं नव्हतं ते.

रविवारी त्याला दिलं. उंबऱ्यावर बसून वाचलं. हिना मागून वाचत होती, ती रडायला लागली, मग शिव्या द्यायला लागली. मला ऐकू नाय आल्या, पन तोंड दिसत होतं. सुजीत उठला, तोंड धुतलं, आनि जेवायला वाढ म्हनाला. तीन महिन्यांत त्यानं स्वतःहून मागितलं नव्हतं. भाताला दुसऱ्यांदा हात पुढं केला. मी वाढताना रडत होते, तर मला म्हनाला, "आये, तुला कुटं ठाऊक होतं?"

मला ठाऊक नव्हतं, पन तो माजा मुलगा होता ना? त्याच्या बाजूनं एकदा तरी विचारायचं होतं. मी कोनाची बाजू घेतली? तुजी. कारन तू शिकलेली, आनि तुज्यामुळं लोक मला खुर्ची देतात. ही माजी लाज हाय, तुजी नाय. तुजी वेगळी.

शाल मी गुरुजींकडं नेऊन दिली आनि कारन सांगितलं. सगळं सांगितलं. ते मग म्हनाले, पोरांना काय सांगू? मी म्हटलं, हेच सांगा.

सुजीतनं तुला एक विचारायला सांगितलंय. त्याचेच शब्द लिहिते. "ताई मला नागपूर स्टेशनवर सोडायला आली. चहा घेऊन दिला. माझ्या पाठीवर हात ठेवला आनि म्हनाली, होतं असं कदी कदी, तू एकटाच चुकत नाय. मी गाडीत रडलो, मला वाटलं एवढं झालं तरी ही मला धरून हाय. तिला विचार, तो हात तिनं कसा ठेवला?"

मला पन ते समजून घ्यायचंय.

नलूआत्या


नागपूर
२६ फेब्रुवारी २०२५

आत्या, आणि सुजीत,

उत्तर लिहायला बसले की कारणंच लिहिली जातात. तसे कागद फाडले. हे त्यातल्या त्यात खरं आहे.

सुजीत, मी हात ठेवला तेव्हा मला तुझी खरंच दया येत होती. तुझ्याकडे बघून मला वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याचाच मला आधार होता. मी तुझ्याशी प्रेमानं वागते म्हणजे मी तेवढी वाईट नाही, असं मी धरलं होतं. गाडी येईपर्यंत सांगता आलं असतं. मी मनात म्हणत होते की गाडी लवकर येऊ दे. तू खिडकीतून हात हलवत होतास आणि मी सुटले असं मला वाटलं. तो हात मी तुझ्यासाठी ठेवला नव्हता. मला यापेक्षा चांगलं उत्तर सापडत नाही.

कंपनीनं अहवाल बदलला. तुझं नाव काढलं असल्याचं पत्र तुला वेगळं येईल, कामावर परत बोलावणंही. मला कामावरून काढलं आहे, पुढे कुठे घेतील असं वाटत नाही. विमानाचे सगळे जोड पुन्हा उघडायचं ठरलं आहे. मी सही केलेले सगळे. आणखी एका ठिकाणी तसाच ताण सापडला. तोही मीच पास केला होता, आणि तिथे तर मला तो दिसलाही नव्हता. हवेत सुटला असता. काम आणखी अर्ध्या वर्षानं मागे गेलं. माझ्याबरोबरचे लोक माझ्याशी बोलत नाहीत. ते रोज त्या टाक्यांत उतरून माझं काम उसवताहेत.

मारुतीकडे गेले होते. राहीबाईंनी दारातच ऐकून घेतलं. मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही त्या पोराला शिव्या घातल्या इतके दिवस." मारुती आतून म्हणाला, "त्याला सांगा, मांडीवर डोकं त्यानंच घेतलं होतं." मग खोकला आला म्हणून त्याला पुढे बोलता आलं नाही. मला कुणी बस म्हटलं नाही. ते बरोबर होतं.

तिकडे यायचं धाडस नाही. आत्या, तू बोलावलंस तरी येऊ की नको, ठाऊक नाही.

मेघाली


नवापूर
८ मार्च २०२५

मेघाताई,

आये लिहिणार होती, मी म्हटलं मी लिहितो.

कंपनीचं पत्र आलं. मी परत येणार नाय. गेल्या सोमवारपासून कुंभवलीला जातो, जितेशभाऊकडं. पहिल्या दिवशी टाकीत उतरायच्या आधी घाम फुटला होता. मग काम सुरू झालं आणि विसरलो. आता आतमधी कोण काय बोललं तर मी पहिला विचारतो, का म्हणून. जितेशभाऊ वैतागतो, पण सांगतो.

मारुतीभाऊशी फोनवर बोललो. त्याला दम लागत होता, म्हणून मीच जास्त बोललो. त्याला पावसाळ्याआधी इकडं आणायचा हाय, खारी हवा बरी पडेल.

तुझं उत्तर वाचलं. तीन महिने मी तुझ्यापुढं तोंड कसं दाखवू याच विचारात होतो. आरशात बघायचो नाय. हिना दाढी कर म्हणायची, ती पण न बघता करायचो. तू जे लिहिलं त्यानं ते गेलं. त्याच्या जागी राग आला. एवढा राग मला कधी कोणाचा आला नव्हता. तू समोर असतीस तर काय बोललो असतो ते लिहीत नाय, आये हा कागद वाचणार हाय.

माफ केलं असं लिहायला आयेनं सांगितलं होतं. ते मी लिहीत नाय, कारण तसं झालेलं नाय. होईल का ते पण ठाऊक नाय.

पण एक मला कळलंय. शरम होती तेव्हा मी तुझा फोन उचलू शकत नव्हतो. राग हाय तर उचलू शकतो. आता शरम तुझ्याकडं गेली, म्हणून तू येत नाय. मी त्यातनं आलोय, तिथं एकट्यानं बसून माणूस कामाचा राहत नाय.

गुरुवारी होळी हाय. बुधवारच्या गाडीनं ये. बोईसरला मी मोटरसायकल घेऊन येतो. वाटेत मी भांडणार हाय, तू ऐकून घ्यायचं. घरी पोचेपर्यंत संपलं नाय तर बंदरावर जाऊ, तिथं राहिलेलं भांडू, आणि मग जेवायला घरी.

सुजीत